खान्देशातली खाडी

मार्गशीर्ष, पहाट

खान्देशाला खाडी नाही. तापी मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतेखाली समुद्राला मिळते. तिचं खारं पाणी, तिची भरती-ओहोटी सगळी गुजरातच्या वाट्याला. आपल्याकडे आहे तो हतनूर धरणाचा फुगवटा. पण चांगदेवला पूर्णा तापीत मिसळते, तिथून खाली गळ टाकायला कायाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, लोटली की खाडीच वाटते: पसरट उथळ पाणी, गाळाची मैदानं, नाल्यांची मुखं आणि जागा बदलणारा काठ. खाडीचं पाणी चंद्र हलवतो, इथलं धरणाचे ४१ दरवाजे आणि कालव्याचं आवर्तन.

खाडीवाल्यांचं बरं असतं, तिथी कळली की निम्मं काम झालं. मुंबई-कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. इथे पंचांग कामाचं नाही. इथलं पंचांग म्हणजे सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी. काठावर ढोपरभर पाण्यात ती रोवायची, पोचल्यावर एकदा आणि निघताना एकदा वाचायची. चार तासांत एक सेंटिमीटरचाही फरक नसेल तर पाणी ‘उभं’. दोन-तीन सेंटिमीटर उतरलं असेल तर खाली कुठेतरी सोडलंय, आणि माशांना ते आपल्याआधी कळलेलं असतं. लाटा येत असतील तर काठी वाचता येत नाही. तेव्हा खाली छिद्र पाडलेली पारदर्शक बाटली काठीला बांधायची. आतलं पाणी हलत नाही.

पाणी उतरतं तेव्हा मासा नाल्यातून निघून जुन्या पात्राकडे सरकतो. नाल्याचं तोंड जिथे खोल पाण्यात पडतं तिथे आडवं थांबायचं. खाडीत ओहोटीला जिताडा असाच चोंढ्याच्या, म्हणजे खाडीच्या लहान फाट्याच्या, तोंडाशी दबा धरतो, वाहून येणाऱ्या कोळंबीसाठी. पाणी चढतं तेव्हा उलट. नव्याने बुडालेल्या गवतात किडे, गांडुळं उघडी पडतात आणि रोहू, मृगळ अगदी मांडीभर पाण्यात येतात. अशा वेळी खोल पाण्यात गळ टाकून बसणं म्हणजे पंगत वाड्यात आणि आपण पान मांडून वेशीवर.

गिरणेकडचे भोई एवढंच म्हणतात, “पानी उतरी रायनं,” म्हणजे पाणी उतरतंय. बाकी सगळं त्यात आलं.

पौष, सकाळ दहा

थंडीत घाई करून उपयोग नसतो. पाणी गार असतं तोवर कार्प, म्हणजे रोहू-कटला-मृगळ, सुस्त. ऊन पाण्यात उतरून दोन तास झाल्याशिवाय चारा टाकला तर ढेप फुकट जाते.

चाऱ्याचं प्रमाण: शेंगदाण्याची ढेप एक किलो, तांदळाचा कोंडा अर्धा किलो. ढेप अर्धा तास भिजवायची, पाणी बेताचं. मूठ आवळून गोळा केला आणि हातातून हातात टाकला तर फुटता कामा नये, पण पाण्यात पडल्यावर दहा मिनिटांत विरघळला पाहिजे. न विरघळणारा गोळा तळाच्या गाळात रुततो आणि मासा त्याच्या वरून निघून जातो. सुरुवातीला संत्र्याएवढे चार गोळे, मग अर्ध्या तासाला एक. एकदम दोन किलो ओतलं की मासा येतो, पोट भरतो, आणि गळाकडे ढुंकून पाहत नाही. गळाला लावायला कणीक आणि अतिपिकलेलं केळं. रावेर-यावलच्या मुलखात साल काळं पडलेलं केळं कोणीही फुकट देतं. केळं आधी कुस्करायचं, मग त्यात मावेल तेवढीच कणीक. उलटं केलं तर गोळा चिवट होतो आणि गळाचं टोक बाहेर यायला अडतं.

कोणता मासा कुठे खातो हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरातला. रोहूचा ओठ झालरीचा, तो मधल्या पाण्यातला. मृगळ तळ चाटतो. म्हणून तीन मीटर पाण्यात कटल्यासाठी गळ वरून मीटरभरच खाली हवा, रोहूला दीड-दोन मीटर, मृगळाला तळापासून चार बोटं वर. दिवसभर तळाशी गळ ठेवून “कटला नाहीच इथे” म्हणणारे पुष्कळ भेटतात.

चावा बघायचा तो दोऱ्यावर तरंगणाऱ्या फ्लोटवर. चिलापी (तिलापिया) फ्लोट थरथरवते, टकटक टकटक, आणि ओढलं की गळ रिकामा. रोहू आधी फ्लोट किंचित उचलतो, मग तिरका नेतो. तिरका जायला लागल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हणायचं आणि मगच मनगट फिरवायचं. शिंगाडा या मिशीवाल्या माशाचा एकच ठोका असतो, काठी वाकवणारा. त्याला हात लावण्याआधी पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे बघायचे. ते करवतीसारखे दातेरी असतात, बोटात गेले की सरळ बाहेर येत नाहीत. पकड लावून आधी त्याचं तोंड धरायचं.

आठ नंबरचा गळ, ०.३० मिलिमीटरचा दोरा, ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दीड किलोवर. ड्रॅग अंदाजाने लावू नये. दोरा स्प्रिंगच्या काट्याला अडकवून ओढायचा आणि दीड किलोला रीळ सुटायला लागलं की तिथेच ठेवायचं. काठावर उभा असलेला माणूस जास्त ताण लावू शकतो. कायाकवर तोच ताण माणसाला कुशीवर घेतो. मोठा मासा लागला की गळाच्या काठीचं टोक कायाकच्या नाकाकडे वळवून त्याला कायाक ओढू द्यायची. तीनशे मीटर ओढून तो स्वतःच थकतो. कडेने ओढायला लागला तर पाय पसरून बूड मध्यावर ठेवायचं आणि डोकं कायाकच्या कडेबाहेर काढायचं नाही. उलटतात ते मासा जवळ आल्यावर, जाळी घ्यायला वाकताना.

माघ

पाणकाठी चक्रवाक आणि थापटे बदक उतरलेत. थव्यापासून दोनशे पावलं लांबून जावं. ते उडाले की पाण्याखालचं सगळं सावध होतं, आणि पक्षीही उपाशी राहतात. आज एवढंच.

फाल्गुन, दुपार

गाळ उघडा पडायला लागला. काठाचा उतार दोनशेला एक धरला तर पाच सेंटिमीटर पाणी उतरलं की काठ दहा मीटर मागे जातो. सकाळी जिथून उतरलो तिथे दुपारी परत चढायला मधे दहा मीटर लोणी असतं. हा गाळ फसवा. वरून भेगाळलेला, पावलाला टणक वाटतो. तिसऱ्या पावलाला गुडघा आत. म्हणून उतरण्याची जागा खडीची किंवा मुरमाची शोधायची, दोनशे मीटर जास्त वल्हवावं लागलं तरी.

रुतलंच तर पाय सरळ वर ओढायचा नाही. तळव्याखाली पोकळी होते, ती शोषून धरते, आणि एक पाय सोडवताना दुसरा आणखी खाली जातो. कायाक शेजारी ओढून छाती तिच्यावर टाकायची, घोटा डावी-उजवीकडे हलवून कडेने पाणी आत जाऊ द्यायचं, मग टाच आधी मोकळी करायची. चप्पल आतच राहते, राहू द्यावी. पायात घट्ट कॅनव्हासचे बूट असतील तर हा प्रश्न येत नाही.

उथळ गाळात नांगर टाकण्यापेक्षा बांबू बरा. अडीच मीटरचा, खालचं टोक तिरकं तासलेला. कायाकच्या मागच्या टोकाशी गाळात दाबायचा आणि दोरीने बांधायचं. काढताना आधी दोनदा पीळ द्यायचा, मग उपसायचा. पीळ न देता उपसला तर बांबू निघत नाही आणि कायाक खाली दबते. तीन मीटरच्या पुढे मात्र दीड किलोचा घडीचा नांगर, दोरी खोलीच्या तिप्पट, वारा असेल तर पाचपट. नांगर कधीही कुशीला बांधायचा नाही, नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला. कुशीला बांधलेली कायाक वाऱ्यात आडवी होते, दोरी एक कड खाली ओढते आणि पाणी आत येतं. यासाठीच कायाकच्या बाजूने दोन कप्प्या लावून दोरीचा फेरा फिरवतात, म्हणजे बसल्या जागेवरून नांगर टोकाकडे सरकवता येतो. दोरीच्या कायाककडच्या टोकाला एक रिकामा तेलाचा डबा बांधून ठेवावा. घाईत सुटायचं झालं तर गाठ ओढून दोरी पाण्यात सोडून द्यायची आणि डबा नंतर उचलायचा.

बुडालेल्या बाभळीच्या खुंटांत घडीचा नांगर अडकला तर निघत नाही. अशा जागी नांगराच्या जागी विटांची पिशवी. गेली तर गेली.

उघड्या गाळावर आता ताटाएवढे गोल खळगे दिसतात, एकाला एक लागून. ही चिलापीची घरटी. नर तोंडाने आणि शेपटीने खळगा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते. १९५२ साली ही जात भारतात आणली आणि आता देशी माशांची जागा खाते आहे. खळग्यांची रांग लक्षात ठेवावी. पाणी परत चढलं की तोच तिचा पत्ता.

मच्छीमार संस्थेची जाळी पण आता उघडी पडतात. रिकाम्या प्लास्टिक बाटल्यांची ओळ दिसली की जाळं समजायचं. पॅडल अडकलं तर कापाकापी नाही. पॅडलच्या पात्याने वरची दोरी उचलून तिच्यावरून सरकायचं. जलाशयाचा ठेका भोई-कोळ्यांच्या संस्थेकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळसुद्धा टाकू नये. जाळ्यावरचा माणूस ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जे पाणी वाचतो ते आपल्या पन्नास हजारांच्या प्लास्टिकला कळत नाही, हेही आहेच.

चैत्र, सकाळ अकरा

पश्चिमेचा वारा उठला. आता रोज उठणार, साडेदहाच्या सुमाराला. म्हणून निघताना पश्चिमेकडे वल्हवायचं, पहाटेच्या निवांत पाण्यात, आणि वारा उठला की पाठीवर घेऊन चांगदेवकडे परत. मात्र पश्चिमेला धरणच आहे. दरवाजांच्या आणि भिंतीच्या जवळ जायला मनाई असते आणि ती पाळावी. दरवाजा उघडला की ओढ वरून दिसत नाही.

समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा आला की पॅडलचा वेग अर्ध्यावर येतो. दोन किलोमीटरला अर्धा तास धरलेला माणूस तासभर उन्हात राहतो, आणि चैत्रातलं ऊन म्हणजे काय हे भुसावळकराला सांगायला नको. माणशी चार लिटर पाणी, त्यातलं एक लिटर मीठ घातलेलं ताक, सगळं पाठीमागे नाही, हाताशी.

उलटण्याचा सराव कडेला, छातीभर पाण्यात, वर्षातून दोनदा. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून कोणालातरी खांदे वर ओढायला सांगायचं. हनुवटीला लागलं तर माप मोठं. उलटल्यावर आधी पॅडल धरायचं. मग पालथ्या कायाकवरून हात टाकून पलीकडची कड पकडून मागे झुकायचं, ती सरळ होते. आता मधोमध, आसनाशी, दोन्ही हात कायाकवर पसरायचे, पाय मागे पाण्यावर आणून पोहल्यासारखे मारायचे आणि पोटावर सरकायचं. बेंबी मध्यावर आली की थांबायचं, कूस बदलून पाठीवर, मग बूड आसनात, शेवटी पाय. लोक चुकतात ते पाय खाली लोंबते ठेवून हातांच्या जोरावर चढायला जातात. कायाक परत अंगावर येते. खिशातल्या पकडी, गळांचे डबे हे सगळं सरावाच्या आधी बाहेर काढायचं. गळ अंगात घुसून सराव संपल्याचं पाहण्यात आहे.

वैशाख

मासा आता पोत्यात टिकत नाही. लागला की कल्ले आणि आतडी तिथेच काढायची, बर्फ माशाच्या वजनाइतका. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तीसला साडेसात. थकलेला मासा परत सोडला तरी जगेल याची खात्री नाही. खायचं तेवढंच धरावं, नाहीतर पहाटे दोन तास गळ टाकून बंद.

मृगापासून पोळ्यापर्यंत कायाक बाहेर काढायची नाही. पुराच्या पाण्यात कार्प अंड्यांवर असतो, आणि पूर आपल्याला विचारून येत नाही.

ठेवायची रीत: सावलीत, भिंतीला टेकवून नाही, दोन जुन्या टायरांवर, टोकांपासून पाव-पाव लांबीवर. गच्चीवरच्या उन्हात पट्टे आवळून ठेवलेली कायाक आठवड्यात पिचकते. पिचकलीच तर पट्टे सोडून तासभर उन्हात पालथी, आणि तेवढ्याने नाही झालं तर कढत पाणी आतून ओतून तळव्याने दाबायचं. झाकणाच्या रबरांना बेबी पावडर. रिळातला वरचा वीस मीटर दोरा कापून टाकायचा, तो खुंटांना घासलेला असतो.

पाणी काढायचं बूच मात्र उघडं. बंद ठेवलं तर आतली हवा दुपारी फुगते, रात्री आकसते, आणि तळ वेडावाकडा होतो. काढलेलं बूच हरवतं, म्हणून ते सुतळीने पुढच्या कडीलाच बांधलं.