दहा जुलैची मंडळी

दहा जुलैला सांगलीत पाऊस असतोच, आणि 'पावसामुळे जमलं नाही' हे कारणही. सुनील गावसकरांचा वाढदिवस आमचं मंडळ गावभागातल्या वाचनालयाच्या माडीवर करतं. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल रीतसर होतात. क्रिकेटपटू विजय हजारे सांगलीत जन्मले, म्हणून त्यांच्या फोटोलाही हार असतो.

मग निवृत्त पोस्टमास्तर उठतात आणि 'शहाण्णव' सांगतात. मार्च १९८७, बेंगळुरू. पाकिस्तानविरुद्ध जिंकायला २२१ हव्यात, खेळपट्टी फिरकीला आंदण दिलेली, एका बाजूला तौसिफ, दुसऱ्या बाजूला इक्बाल कासिम. सुनीलचा शेवटचा कसोटी डाव, शहाण्णव धावांचा. मास्तर काठी बॅटसारखी धरून एकेक चेंडू अडवत जातात. कासिमचा तो चेंडू उसळला, स्लिपमध्ये झेल गेला, सामना १६ धावांनी गेला. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी दरवर्षी कोणीतरी हळहळतंच, "अहो, शतकाला चारच तर हव्या होत्या!" आणि माझे डोळे भरतात ते भरतातच.

हल्ली मास्तरांना नातवंडांची नावं चटकन आठवत नाहीत, पण २६४ चेंडू चुकत नाहीत. गल्लीतली पोरं त्यांना 'सुनीलआजोबा' म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलंय. माझंही तेच होणार, आणि मला ते चालेल. तरुणपणी आम्ही १९७१च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतल्या सुनीलच्या ७७४ धावांवर छाती फुगवायचो. आता त्याने ऑफस्टंपबाहेरचे किती चेंडू सोडून दिले, यावरच जास्त बोलतो. घरात सुनेचा आवाज चढला की ते कामालाही येतं.

आभार राहता कामा नयेत. माडी उघडून देणारे ग्रंथपाल, माइकवाला पोऱ्या, सतरंज्या अंथरणारी शेजारची दोन मुलं, माधवनगरहून मास्तरांना आणणारे रिक्षावाले मामा, चहाच्या काकू. आणि हो, इस्त्रीवाल्या मावशी! २०१९च्या पुरात कात्रणवह्या भिजल्या, तेव्हा त्यांनी पान अन् पान वाळवून इस्त्री केलं. सचिनच्या वयाची मंडळीही खुर्च्या उचलायला येतात, त्यांचेही आभार.

विश्रामबागेतल्या सभासदांचे मात्र नाहीत. गावभागात गाडी लावायला जागा नाही म्हणे! यंदाही तिघेच आले, त्यातले दोघे भडंग खाऊन शहाण्णवच्या आधीच उठले. पुढच्या वर्षी भडंग मास्तरांच्या भाषणानंतरच वाटायचं, असा ठराव मी मांडणार आहे.