टीव्ही थंडीतच का अडायचा – माझा अनुभव

आमच्याकडे ३२ इंची एलसीडी टीव्ही आहे, २०११ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर नानांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घेतलेला. २ एप्रिलची फायनल आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरच्या घरात अर्ध्या गल्लीने ह्याच टीव्हीवर बघितली होती, नाना मधोमध खुर्चीवर आणि बाकी सगळे सतरंजीवर. नाना आता नाहीत. म्हणून मेकॅनिक जेव्हा म्हणाला की हा काढून टाका आणि एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, तेव्हा आई म्हणजे माझ्या सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या उठून देवघरात जाऊन बसल्या, आणि मला तिथेच वाटलं की हा टीव्ही एवढ्यात जाऊ द्यायचा नाही.

झालं असं की दिवाळीनंतर टीव्ही चालू व्हायला कुरकुर करायला लागला. रिमोटचं बटण दाबलं की लाल लाइटची हिरवी व्हायची, आतून 'टक्' असा आवाज यायचा, दोन सेकंद काही नाही, मग परत 'टक्' आणि परत लाल. मग आपोआपच पुन्हा हिरवी, पुन्हा टक्. असं आठ-दहा वेळा करून एकदाचा चालू व्हायचा आणि एकदा चालू झाला की रात्री बंद करेपर्यंत काहीही त्रास नाही, चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. सुरुवातीला आम्ही रिमोटचे सेल बदलले, प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघितला, एक्स्टेंशन बोर्ड काढला, सेट टॉप बॉक्सची वायर काढून बघितली, टीव्हीच्या कडेचं बटण दाबून बघितलं. काही फरक नाही. डिसेंबर लागला तसा आठ-दहाचं वीस-पंचवीस वेळा झालं आणि आई सकाळचं भक्तिगीत ऐकायला सहाला उठून बसायच्या ते त्या टक्-टक् समोर शाल गुंडाळून वाट बघत बसायच्या, हे बघवत नव्हतं खरंच.

मेकॅनिक आला, मागचं झाकण न उघडता पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला पॉवर सप्लायचं कार्ड गेलंय, मॉडेल जुनं आहे, कार्ड मिळणार नाही, मिळालं तरी साडेतीन हजारच्या खाली नाही आणि गॅरंटी काही नाही. बिचाऱ्याचं अगदीच चुकीचं होतं असं नाही, दोष त्या कार्डातच निघाला. पण कार्ड गेलंय आणि कार्डावरचे चार पार्ट गेलेत ह्यात साडेतीन हजार आणि शंभर रुपयांचा फरक आहे, आणि तो फरक उघडून बघितल्याशिवाय कसा कळणार.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात, सगळे त्यांना रेडिओकाकाच म्हणतात. त्यांचं पूर्वी रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं, १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आले तेव्हापासून ते रंगीत सेट उघडतायत. आता ऐंशीच्या पुढे आहेत, नजर गेल्यात जमा आहे, हात थोडा कापतो, पण कान आणि डोकं एकदम शाबूत. मी त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चालू व्हायला सकाळी जास्त वेळ लागतो का दुपारी?"

मी म्हटलं काका, लक्ष नाही दिलं.

"मग आठ दिवस लक्ष दे. रोज लिही. किती वाजता लावला आणि किती मिनिटांनी उठला. मग ये."

तर मी कालनिर्णयच्या पानावर रोजच्या चौकोनात पेन्सिलने लिहायला लागले. सकाळी सहा – २२ मिनिटं. दुपारी तीन – ४ मिनिटं. सकाळी सहा, कडाक्याची थंडी – ३१ मिनिटं. रात्री आठ – ९ मिनिटं. एकदा रात्री बंद करून दहा मिनिटांत परत लावला तर पहिल्या झटक्यात चालू. आठ दिवसांनी पान बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की टीव्ही मनाला येईल तसा वागत नाहीये, थंड असला की अडतोय आणि गरम असला की चालतोय, एवढं सरळ आहे.

काकांना पान वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "कंडेन्सर फुगलेत. उघडायच्या आधीच सांगतो." जुने लोक कंडेन्सर म्हणतात, आता सगळे कॅपेसिटर म्हणतात, वस्तू एकच, वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा पार्ट. मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पॉवर सप्लायमध्ये जे उभे नळकांड्यासारखे कॅपेसिटर असतात त्यांच्यात एका द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षं गरमीत राहून तो द्रव सुकत जातो, सुकला की कॅपेसिटरच्या आतला विरोध वाढतो आणि थंडीत तो आणखी वाढतो. मग सप्लायला जे ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट मेन बोर्डाला स्थिर द्यायचे असतात ते टीव्ही लोड घेतो त्या क्षणी खाली कोसळतात, मेन बोर्ड म्हणतो व्होल्टेज बरोबर नाही आणि बंद करतो. तेच ते टक्-टक्, रिले म्हणजे आतला विजेवर चालणारा स्विच लागतोय आणि सुटतोय. पण प्रत्येक प्रयत्नात कॅपेसिटर थोडा थोडा गरम होतो, आतला विरोध कमी होतो, आणि विसाव्या-तिसाव्या वेळी व्होल्टेज टिकतं. म्हणून एकदा चालू झाला की दिवसभर चालतो.

खात्री करायला काकांनी एक सोपी टेस्ट सांगितली. सकाळी सहाला प्लग काढलेला असताना मागच्या जाळीतून हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं कोमट हवा दिली, जास्त जवळ नाही, मग ड्रायर बाजूला ठेवून प्लग लावला आणि बटण दाबलं. दोन टक् आणि चालू. आई टाळ्या वाजवायला लागल्या, त्यांना वाटलं झाला दुरुस्त.

पण उघडायचं कोण? काका म्हणाले, "डोळे तुझे, हात तुझे, सांगणारा मी." मी शाळेत सायन्स शिकवते, सोल्डरिंग म्हणजे धातू वितळवून पार्ट जोडणं, ते प्रॅक्टिकलपुरतं केलेलं होतं. तरी भीती होतीच आणि ती असायलाच हवी, हे इथे मुद्दाम लिहिते. घरातली वीज २३० व्होल्ट, पण सप्लायमध्ये ती डीसी झाली की मोठ्या कॅपेसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट होतात, २३० ला १.४१४ ने गुणा. प्लग काढल्यावरही तिथे चार्ज बसून राहू शकतो. ज्याला मल्टीमीटर धरता येत नाही त्याने कृपा करून झाकण उघडू नये. आणि जुना डब्बा टीव्ही असेल, पिक्चर ट्यूबवाला, तर त्याला अजिबातच हात लावू नका, त्यात वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात.

रविवारी जेवणं झाल्यावर दिवाणावर जाड गोधडी घातली, त्यावर टीव्ही पालथा ठेवला. स्टँड काढला, मागचे चौदा स्क्रू काढले, लांब आणि आखूड वेगवेगळ्या वाट्यांमध्ये ठेवले. प्लग सकाळपासूनच काढून ठेवलेला होता. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, एक हात पाठीमागे ठेव. मीटर ६०० व्होल्ट डीसीवर लावून एका हाताने मोठ्या कॅपेसिटरचे पाय मोजले तर १८ व्होल्ट दाखवले. काकांनी त्यांचा जुना ६० वॅटचा बल्ब आणला होता, होल्डरला दोन वायरी लावलेला, उरलेला चार्ज उतरवायला त्या दोन वायरी पायांना टेकवल्या आणि परत मोजलं तेव्हा शून्य. मग पुढचं काम.

आणि मग मी पहिल्यांदा ते कार्ड नीट बघितलं. काळ्या हीट सिंकच्या, म्हणजे गरमी बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या अगदी शेजारी सात कॅपेसिटर ओळीत उभे. तीन जणांची डोकी सपाट, चकचकीत, वर फुलीसारखी खाच. बाकी चार जणांची डोकी टम्म फुगलेली, पुरी फुगते तशी, आणि एकाच्या खाचेतून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर येऊन वाळलेलं. मी काकांचं बोट धरून त्या डोक्यांवरून फिरवलं. ते एकेकावर थांबत म्हणाले, "हा चांगला. हा गेला. हा गेला. हाही गेला." दिसत नसताना त्यांनी चारही बरोबर सांगितले. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला होता.

चारही १००० मायक्रोफॅरड (हे कॅपेसिटरच्या साठवणीचं माप), १० व्होल्टचे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कूटी राजवाड्याकडे लावून जेल रोडला चालत गेले, कारण तिथे संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. काकांनी बजावून पाठवलं होतं की मायक्रोफॅरड तेवढेच पाहिजेत, व्होल्ट जास्त चालतील पण कमी नाही, आणि वर १०५ डिग्री लिहिलेलं बघूनच घे, ८५ डिग्रीवाला घेऊ नकोस कारण हीट सिंकच्या शेजारी तो टिकणार नाही. दुकानदाराने आधी ८५ वालेच काढले. मी परत केले तर म्हणाला, "मैडम, सब चलता है." मी म्हटलं, "भिया, १०५ वाला ही दो, लो ईएसआर." लो ईएसआर म्हणजे आतला विरोध कमी असलेला. मग आतून दुसरा डबा आला. १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, सहा घेतले, दोन जास्तीचे, आणि सोल्डर विक म्हणजे तांब्याची वेणी असते ती एक. सगळे मिळून एकशे दहा रुपये. उंची आणि जाडी घरून मोजून नेली होती कारण २५ व्होल्टवाला थोडा उंच असतो आणि मागचं झाकण बसलं पाहिजे.

जुने काढताना सगळ्यात जास्त वेळ गेला. कंपनीचं सोल्डर बिनशिशाचं असतं, ते २१७ डिग्रीच्या पुढे वितळतं आणि आपल्या साध्या इस्त्रीला लवकर दाद देत नाही (इथे सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतात काका). त्यांची युक्ती अशी की आधी त्याच टाक्यावर आपलं ६०-४० चं, म्हणजे कथील आणि शिशाचं सोल्डर थोडं घालायचं, दोन्ही एकत्र झालं की कमी गरमीत वितळतं, मग वेणीने शोषून घ्यायचं. ओढाओढ करायची नाही, नाहीतर बोर्डाची तांब्याची पट्टी उखडते. पहिल्या कॅपेसिटरला वीस मिनिटं लागली, चौथ्याला तीन.

नवीन लावताना एक चूक होता होता राहिली. कॅपेसिटरच्या अंगावर ज्या बाजूला पट्टी असते तो मायनस. बोर्डावरही अर्धा गोल रंगवलेला असतो, पण तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच नसतो म्हणून मी आधी फोटो काढून ठेवला होता. तिसरा बसवून झाल्यावर काका म्हणाले फोटो काढ आणि एकेक मिळवून बघ. तिसरा उलटा होता. उलटा लावून करंट दिला असता तर तो फुटूही शकला असता. काढला, फिरवला, परत टाका दिला. टाके नीट चमकदार, टेकडीसारखे आले पाहिजेत, गोळा झाला तर परत करायचा.

पहिल्यांदा करंट थेट दिला नाही. काकांचा सिरीज बोर्ड होता, त्यात १०० वॅटचा बल्ब मधे असतो, कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि टीव्ही वाचतो. स्विच टाकला, बल्ब क्षणभर उजळला आणि विझला. काका आवाजावरूनच समजले, मी श्वास धरून बसले होते तो सुटला. मग झाकण लावून थेट प्लग लावला, रिमोट दाबला, एक टक्, आणि चार सेकंदांनी चित्र.

आई म्हणाल्या, "झालं ना?" मी म्हटलं आई, अजून नाही. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि खोलीत माणसं, चहा, गरमी. संध्याकाळी तर तो तसाही लवकर चालू व्हायचा, ह्याने काही सिद्ध होत नाही. रात्रभर प्लग काढून ठेवला आणि मागची खिडकीही उघडी ठेवली.

सकाळी पावणेसहाला उठले तर आई आधीच शाल घेऊन खुर्चीवर, नानांच्या. प्लग लावला. लाल लाइट. आईंनीच रिमोट दाबला. एक टक्. मी मनात मोजत होते, एक, दोन, तीन, चार, आणि सह्याद्रीचा आवाज आला. आईंनी आवाज थोडा वाढवला आणि डोळे मिटून हात जोडून बसल्या.

मी कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, सकाळी सहा – ४ सेकंद. आणि तिळाच्या वड्या घेऊन काकांकडे गेले, संक्रांत दोन दिवसांवर होती. त्यांनी डबा हातात घ्यायच्या आधी विचारलं, "खिडकी उघडी ठेवली होतीस ना रात्री?"

"हो काका."

"मग बस. चहा घेऊन जा."