आईची सायकल, आणि २१० किलोमीटर कालव्याकाठी

आईने शेवटची सायकल चालवली ती १९९६ साली. सिंहगड रोडवर एका टेम्पोने कट मारला, ती पडली, मनगट मोडलं आणि प्लास्टर निघायच्या आत बाबांनी सायकल विकून टाकली. मी तेव्हा ७ वर्षांची होते. त्याआधी आई नारायण पेठेतून कर्वे रोडला कॉलेजला रोज सायकलने जायची, मैत्रिणींबरोबर, शेजारी-शेजारी सायकली चालवत, गप्पा मारत. लकडी पुलावर शेजारी-शेजारी! हे मला लहानपणापासून परीकथेसारखं वाटत आलंय.

तर सप्टेंबरमध्ये आई माझ्याकडे तुलूझला आली. दक्षिण फ्रान्स, मी इथं ६ वर्षं राहतीये. बाबा आजीमुळे येऊ शकले नाहीत. आईला पॅरिस वगैरे दाखवायचं हे ठरलेलंच होतं, पण माझ्या मनात वेगळंच काहीतरी होतं, कारण माझ्या घरापासून ५ मिनिटांवर कनाल द्यु मिदी आहे, तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत जाणारा २४० किलोमीटरचा कालवा, आणि त्याच्या काठाने जी वाट आहे तिच्यावर गाड्या नाहीत. कमी गाड्या असं नाही, नाहीतच. कधीतरी देखभालवाल्यांची एखादी गाडी दिसते, मध्येच कुठं रस्ता क्रॉस करावा लागतो, बाकी सायकलवाले, चालणारे आणि बदकं.

आई म्हणाली, "मला आता जमणार नाही गं." ६३ वय, गुडघा थोडा कुरकुरतो. मी एक बुटकी, मधला दांडा खाली असलेली सायकल भाड्याने आणली. पहिल्या सकाळी ती १५ मिनिटं सायकल नुसती हातात धरून ढकलत चालली. मागे वळून बघायची. मी विचारलं काय बघतीयेस, तर म्हणाली मागून काही येतंय का ते. काहीच येत नव्हतं. मग बसली, डगमगली, एक पाय टेकला, परत बसली, आणि मग जी निघाली ती थेट पुढच्या लॉकपर्यंत (म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर चढवा-उतरवायला बांधलेलं, दारं असलेलं पाण्याचं कुंड) थांबलीच नाही. मी मागून चालले होते आणि मला रडू येत होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आता ही वाट इतकी सोपी का आहे ते सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला बाबा लागले. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर नकाशा उघडून बसायचे. त्यांचं म्हणणं एवढंच की पाणी सपाटीला उभं राहतं, म्हणून कालव्याचा काठही सपाटच असणार. बोटी ओढायला पूर्वी घोडे लागायचे, त्या घोड्यांसाठी काठाने वाट ठेवली, आणि आज आपण त्याच वाटेवरून सायकल चालवतोय. चढ येतो तो फक्त लॉकपाशी, तोही चार पॅडल मारले की संपतो. तुलूझपासून नौरूझच्या खिंडीपर्यंत साधारण ५० किलोमीटरमध्ये जेमतेम ५०-६० मीटर चढायचं असतं, तिथून पुढे समुद्रापर्यंत उतारच. म्हणूनच मी तुलूझहून निघायला सांगते, उलट्या दिशेने नको, शिवाय वायव्येचा वारा असेल तर तो पाठीवर येतो.

नौरूझला आम्ही जेवायला थांबलो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, प्लेन नावाच्या मोठ्या झाडांच्या सावलीत, ही झाडं कालव्याच्या काठाने रांगेने लावलेली आहेत. ही जागा समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर, कालव्यातली सगळ्यात उंच. इथं पडलेलं पाणी एकीकडे अटलांटिकला जातं, एकीकडे भूमध्य समुद्राला. कालवा खणायची कल्पना शेकडो वर्षं लोकांच्या डोक्यात होती, पण अडायचं इथंच, सगळ्यात उंच जागी पाणी आणायचं कुठून? ते सोडवलं प्येर-पॉल रिकेने, जो इंजिनियर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा माणूस होता. त्याने मोंतान्य न्वार नावाच्या डोंगरातले ओढे अडवले, सें-फेरेओलला मोठं मातीचं धरण बांधलं, आणि पाट काढून ते पाणी नौरूझला आणलं. हे फोनवर सांगितल्यावर बाबा लगेच म्हणाले, "कात्रजच्या नळासारखंच की! कात्रजच्या तलावातलं पाणी पेशव्यांनी शनिवारवाड्यापर्यंत नुसत्या उतारावर नेलं." ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं अंतर आहे दोन्हीत, नौरूझचं आधी, १६६६ ला परवानगी मिळून काम सुरू झालं, कात्रजचं नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७५० च्या आसपासचं. रिकेच्या कालव्यावर एका वेळी १२,००० पर्यंत माणसं कामावर होती, बायकाही, माती वाहायला. आणि रिके पावसामुळे काम बंद राहिलं तरी त्या दिवसांची मजुरी द्यायचा. त्या काळात! स्वतःचा पैसा ओतला, कर्ज काढलं, आणि १६८० च्या ऑक्टोबरमध्ये वारला. कालवा सुरू झाला मे १६८१ मध्ये. आई हे ऐकून बराच वेळ गप्प होती.

लॉकची कुंडं इथं चौकोनी नसून लंबगोल आहेत. सुरुवातीला एक सरळ भिंतीचं बांधलेलं मातीच्या दाबाने कोसळलं, म्हणून मग भिंतींना कमानीसारखा बाक दिला. प्रत्येक लॉकपाशी एक छोटं घर असतं, आपल्याकडच्या पाटकऱ्याच्या चौकीसारखं, आणि भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं की मागचं लॉक किती मीटर, पुढचं किती मीटर. आई प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची. फ्रेंच येत नाही, आकडे येतात. "पुढचं ३ किलोमीटर, चल!" असं.

आणि शांतता. मला वाटायचं मला ती माहितीये, पण आईबरोबर जाताना कळलं की मी रोज इथं कानात इअरफोन घालून फिरते. तिने ऐकवलं मला, पाचोळ्यावरून चाक गेलं की येणारा आवाज, बोटीचं इंजिन किती आधीपासून ऐकू येतं ते, आणि हो, आम्ही बोललो. ७ दिवस शेजारी-शेजारी सायकल चालवत. तिच्या कॉलेजबद्दल, आजोबांबद्दल, तिला लग्नानंतर नोकरी सोडावी लागली त्याबद्दल. घरात समोरासमोर बसून हे बोलणं कधीच झालं नसतं, इथं दोघींची नजर पुढे रस्त्यावर असते ना, त्यामुळे बोलता येतं.

कार्कासोनपर्यंत गहू आणि सूर्यफुलाची शेतं, सूर्यफुलं सप्टेंबरात वाळून माना टाकलेली. पुढे मात्र द्राक्षं. दोन्ही बाजूंना, टेकड्यांपर्यंत. नारायणगावला मामाची द्राक्षबाग आहे, त्यामुळे आईला त्यात फार रस. आपल्याकडे मांडव, घड डोक्यावर लटकतात, इथं वेली कमरेएवढ्या, कित्येक तर नुसती बुटकी झुडपं, दगडाळ जमिनीत. तोडणी चालू होती. मामा फोनवर म्हणाला ही वाइनची जात आहे, मणी बारीक आणि साल जाड, खायची नाही. एका शेतकऱ्याने घड हातात दिला, आईने चाखला, गोड आहे पण बिया फार असं तिचं मत.

मग आर्जेलिये गाव लागलं. कालव्यापासून जवळच, दिसायला साधं. ११ मार्च १९०७ ला इथून ८७ द्राक्षवाले शेतकरी चालत नार्बोनला निघाले होते. पुढारी मार्सलें आल्बेर, गावात कॅफे चालवायचा आणि थोडी द्राक्षं होती. वाइनचे भाव पूर्ण पडले होते, उत्पादन जास्त झालेलं, वर बाजारात साखर-पाणी घालून केलेली नकली वाइन. तीन महिन्यांत मोंपेलिएच्या सभेला ५ लाखांच्या आसपास लोक जमले, नार्बोनला सैन्याने गोळ्या चालवल्या, माणसं मेली, आणि जूनअखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला. हे आम्ही मामाला फोन लावून सांगितलं. तो म्हणाला, "भाव पडला की जगात कुठंही चालतच जावं लागतं काय?" त्याच्या बागेची यंदा काय गत झालीये ते आम्हाला माहीत होतं, दोघी काही बोललो नाही.

एक वाईट गोष्टही सांगायला हवी. प्लेनची ती झाडं मरतायत. कालव्याच्या काठाने मुळात ४२,००० होती. एका बुरशीमुळे वाळतात, ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून फ्रान्समध्ये आली म्हणतात, या कालव्यावर २००६ मध्ये सापडली. एक झाड लागलं की शेजारची पण तोडावी लागतात. त्यामुळे मध्ये किलोमीटरच्या किलोमीटर उघडं ऊन, बाजूला नवीन रोपं, दुसऱ्या जातींची. आई प्रत्येक वेळी अशा ठिकाणी सायकलवरून उतरायची.

आर्जांपासून बेझिएपर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. बाबांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "१७ व्या शतकात ५४ किलोमीटर एक लेव्हल धरली?" कालवा टेकड्यांना वळसे घालत जातो, कंटूर म्हणजे सारख्या उंचीची रेषा धरून, त्यामुळे समोर दिसणारं गाव यायला तास लागतो. आणि जिथं वळसाच नाही तिथं डोंगर फोडलाय, मालपासचा बोगदा, १६७९ चा, साधारण १६५ मीटर. शेवटी बेझिएला फोंसेरानची लॉकची उतरंड, ८ कुंडं एकाखाली एक, साडेएकवीस मीटर. बोटी खाली उतरताना बघत आम्ही तिथं दोन तास बसलो.

कुणाला यायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर, इथल्या उन्हाळ्यात म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये नको. सुरुवातीचे ५० किलोमीटर डांबरी आहे, पुढे मुरूम, माती, झाडांची मुळं, पाऊस झाला की चिखल, त्यामुळे पातळ टायर आणू नका, एक जास्तीची ट्यूब ठेवा. कार्कासोनपर्यंत रेल्वे कालव्याच्या बरोबरीने जाते, लोकल ट्रेनमध्ये सायकल चढवता येते, दमलात तर कास्तेलनोदारी, कार्कासोन कुठंही गाडी पकडा. आम्ही रोज ३०-३५ किलोमीटरच केले. शाकाहारी असाल तर गावांत बेकरीवर आणि चीजवर भागवायची तयारी ठेवा, आईने पिठलं करायला बेसन बरोबर घेतलं होतं ते फार कामी आलं.

मला पुण्याचा कॅनॉल सारखा आठवत होता. खडकवासल्यातून निघून पर्वतीखालून, स्वारगेट, हडपसर करत तो पार इंदापूरकडे जातो, त्यालाही काठाने वाट आहेच, काही ठिकाणी लोक सकाळी फिरायला जातात. तोही सपाट, तोही शहराच्या मधून. मला मनापासून वाटतं की ती वाट सलग व्हावी, स्वच्छ व्हावी, आणि तिच्यावर मोटरसायकली, स्कूटर येऊ नयेत. नारायण पेठेतल्या कितीतरी आया परत सायकलवर बसतील.

आई नोव्हेंबरात पुण्याला गेली. परवा फोनवर म्हणाली, बाबांनी हडपसरच्या बाजूला काठाने चालत जाऊन बघितलंय, कुठं वाट तुटते, कुठं पूल आडवा येतो, सगळं वहीत लिहून आणलंय. पुढच्या रविवारी ती पण जाणार आहे. सायकल अजून घेतलेली नाही, लक्ष्मी रोडवर चौकशी चालू आहे.