बर्फाचे संत आणि माझ्या मिरच्या

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी आमची दोन कॅलेंडरं लटकतात. एक कालनिर्णय. ते दरवर्षी पुण्याहून येणारं कोणी ना कोणी बॅगेच्या तळाशी घालून आणतं. दुसरं पोस्टमनचं. वर्ष संपत आलं की इथे फ्रान्समध्ये पोस्टमन कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरतो. किंमत ठरलेली नसते, आपण हातावर ठेवू ती. दिवाळीची पोस्तच म्हणा ना, फक्त बदल्यात मांजरांची चित्रं मिळतात. शिवाय प्रत्येक तारखेपुढे एका संताचं नाव.

परवा दुपारी जेवण झाल्यावर मी त्या मांजरांसमोर बराच वेळ उभा होतो. मे महिन्याची ११, १२ आणि १३ तारीख पुन्हा पुन्हा वाचत होतो.

"अहो, काय हरवलंय?" हिनं विचारलं.

"संत."

"तुकाराम बीज मार्चमध्येच झाली," असं म्हणून ती झोपायला गेली.

मी शोधत होतो ते मामेर, पांक्रास आणि सेर्वे. बर्फाचे संत. हे तिघे पार पडेपर्यंत थंडीचा भरवसा नाही, टोमॅटो-मिरची जमिनीत लावायची नाही, हा इथला अलिखित कायदा. मला तो शेजारच्या म्हाताऱ्यांनी शिकवला. त्यांचं वय ८४, सगळी हयात शेतीत गेलेली. पहिल्या वर्षी एप्रिलच्या वीस तारखेला मी उन्हात शर्टाच्या बाह्या सारून वाफ्यात रोपं लावत होतो, तेव्हा ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. "मस्यू, तुम्ही पॅरिसहून आलात ना?" एवढंच म्हणाले आणि गेले.

हे पॅरिसचं प्रकरण जरा सांगायला हवं. बेर्जराकपासून अर्ध्या तासावरचं हे गाव. दोर्दोन्यच्या या पट्ट्यात निवृत्त इंग्रज पैशाला पासरी, त्यांची लोकांना सवय आहे. मी भारतातून आलो याचंही कुणाला काही वाटत नाही. पण मधली तीस वर्षं मी पॅरिसजवळ नोकरी केली, ते मात्र गावाला माफ करता येत नाही. ब्रेडच्या दुकानात अजून माझा उल्लेख "तो पॅरिसवाला" असाच होतो.

तर त्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री आकाश अगदी लख्ख, चांदण्या मोजाव्यात असं. मी कौतुकानं बघत बसलो. ढगांची गोधडी नसली की जमिनीची ऊब निघून जाते आणि गार हवा उतरत उतरत खोलगट जागी साचते, हे शाळेत शिकलेलं तेव्हा काही आठवलं नाही. आमचा वाफा ओढ्याच्या काठी, सगळ्यात खोलगट जागी. सकाळी रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी आडवी पडली होती.

कॅलेंडरात त्या तीन तारखांना आता एस्तेल, आशिल आणि रोलांद आहेत. मागच्या शतकात यादी नव्यानं लावली गेली, त्यात जुने तिघे गळाले. मामेर हे पाचव्या शतकातले व्हिएन गावचे बिशप. संकट टळावं म्हणून तीन दिवस उपास आणि मिरवणूक ही प्रथा त्यांची. पुढे तीच मिरवणूक पिकांसाठी शिवारातून निघायला लागली. म्हणजे आपली दिंडीच. अशा माणसाला यादीतून काढलं, पण थंडीला कुणी कळवलं नाही.

आमचे आजोबा असते तर त्यांचं आणि शेजाऱ्यांचं छान जमलं असतं. पाडव्याला कडुलिंबाची चटणी आमच्या तळहातावर ठेवून झाली की ते पंचांग उघडत. आम्हा मुलांचे कान एकाच गोष्टीसाठी टवकारलेले असायचे: यंदा मृगाचं वाहन काय? हत्ती, म्हैस, बेडूक निघाले की पाऊस भरपूर, म्हणून आजोबा खूश. कोल्हा किंवा मेंढा निघाला की गप्प. गाढव निघालं की आम्ही खूश, कारण मग जूनभर एकमेकांना गाढव म्हणायला शास्त्राधार मिळायचा. एका वर्षी कोल्हा निघाला आणि कृष्णामाईनं वाईचा घाट बुडवला. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "कोल्हाच तो. फसवणारच."

जूनच्या तोंडावर पावशा ओरडायला लागायचा, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा. पावशा कोकिळेच्याच कुळातला. इथेही एप्रिलमध्ये ओढ्यापलीकडच्या ओकवर त्याचा भाऊबंद येतो आणि दिवसभर कुकू, कुकू. पण हा पेरा म्हणत नाही. याची पहिली हाक ऐकताना खिशात नाणं असलं तर वर्षभर पैसा खुळखुळतो म्हणे. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. फक्त एक एप्रिलपासून पायजम्याच्या खिशात दोन युरोंचं नाणं ठेवतो. ते वॉशिंग मशीनमध्ये खडखडतं आणि हिची बोलणी खावी लागतात. एवढं करूनही यंदा पहिली कुकू ऐकली तेव्हा मी टॉवेलवर होतो.

"एप्रिलमध्ये अंगावरचा धागाही काढू नका, मेमध्ये मनाला येईल ते करा," अशी इथे म्हण आहे. मनाला येईल ते, पण टोमॅटो सोडून.

हसू येतं खरं, पण या थंडीची थट्टा मी जरा बेतानंच करतो. एप्रिल २०२१ मध्ये सात आणि आठ तारखेच्या मधली रात्र होती. करोनामुळे संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायला बंदी. पहाटे चारला जाग आली आणि खिडकीतून समोरच्या उतारावर बघितलं तर द्राक्षमळ्यात दिवेच दिवे. ओळीनं, खालपासून वरपर्यंत, थरथरणारे. मी हिला उठवलं. आम्ही दोघं शाली पांघरून खिडकीत उभे. मला त्रिपुरी पौर्णिमेचा वाईचा घाट आठवला, मी फोटो काढला आणि 'फ्रान्समधली त्रिपुरी' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. दिवस उजाडेपर्यंत तेवीस लोकांनी "वा" म्हटलं होतं.

ते दिवे म्हणजे मेणाचे डबे होते. वेलींना नुकते कोंब फुटले होते, पारा शून्याच्या खाली गेला होता, आणि लोक रात्रभर मळ्यातली हवा दोन अंश तरी चढावी म्हणून डबे पेटवत धावत होते. सकाळी खोऱ्यात धूर साचलेला. शेजाऱ्यांच्या पुतण्याचा मळा त्याच उतारावर. दोन दिवसांनी त्यानं एक कोंब तोडून माझ्या हातावर ठेवला. तपकिरी, कोरडा. बोटांत धरला तर मळलेल्या तंबाखूसारखा चुरा झाला. त्या वर्षी फ्रान्समधल्या कितीतरी मळ्यांत हेच झालं. ग्रुपवरचा तो फोटो मी नंतर काढून टाकला, तरी आमच्या मावशी अजून फोनवर विचारतात, "तुमच्याकडची ती दिव्यांची आरास यंदा नाही का?"

यंदाच्या मिरच्या दह्याच्या रिकाम्या डब्यांत आहेत. पॅरिसला ला शापेलच्या तमिळ दुकानातून आणलेल्या सुक्या मिरच्यांचं बी फेब्रुवारीत रेडिएटरवरच्या खिडकीत पेरलं होतं. एकोणीस डबे. वीतभर वाढलेत आणि काचेला नाक लावून बाहेर बघतायत. मला घाई आहे, हे कबूल करतो. एकाहत्तराव्या वर्षी मला कुठेही वेळेवर पोचायचं नसतं, तरी घाई आहे.

संत सापडले नाहीत म्हणून मी शेवटी चप्पल सरकवून कुंपणापाशी गेलो. बघतो तर शेजाऱ्यांचे टोमॅटो जमिनीत लावून, काठ्यांना बांधून, पाणीसुद्धा घालून झालेलं. तारीख होती मेची सहा.

"मस्यू," मी म्हटलं, "आणि बर्फाचे संत?"

त्यांनी खालचा ओठ पुढे काढला, खांदे उडवले. "बोफ. बाजारात रोपं स्वस्त होती."

मी घरी आलो आणि डबे खिडकीतून हलवले नाहीत. चौदा तारखेपर्यंत थांबणार आहे. त्यांची संतांशी जुनी ओळख आहे. मी पडलो पॅरिसवाला.