थॉमसनचं गाव आणि दहा वर्षं गोरा राहिलेला माणूस

आमच्या घरात थॉमसन हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतोय. थॉमसनला यंदा घड कमी लागले, थॉमसनवर भुरी आली, थॉमसनचा बेदाणा तासगावला काय भावानं गेला, हे असंच. थॉमसन नावाचा कोणी जिताजागता माणूस असेल हे डोक्यात कधी आलंच नाही, सोनाका, माणिक चमन या द्राक्षाच्या जाती, तसं थॉमसन. त्यामुळं ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला मावसबहिणीकडं गेलो होतो तेव्हा दाजी जेवता जेवता म्हणाले, "अरे तुमचा तो द्राक्षवाला थॉमसन इथं तासाभरावर राहायचा, सटर काउंटीत, रस्त्याकडेला पाटी पण आहे", आणि माझा घास हातातच राहिला. म्हणलं उद्याच जाऊ.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं प्रकरण, पण लोकसंख्या एक लाखाला जरा कमीच, आमचा एकटा तासगाव तालुका याच्या दुपटीनं मोठा. मुख्य गाव यूबा सिटी. हायवे ९९ नं उत्तरेला निघालो, दोन्ही बाजूला भाताची हिरवीगार खाचरं, बाहेर चाळीस डिग्री ऊन. ताईला प्रवासात मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवायची सवय आहे, तिनं २०२० च्या जनगणनेतलं काउंटीचं टेबल काढलं. गोरे निम्म्याहून कमी, हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको वगैरे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातनं आलेले, साधारण तिसरा हिस्सा, एशियन सहावा हिस्सा, काळे अगदी थोडे. "आणि एशियन म्हणजे इथं चिनी-जपानी समजू नकोस, बहुतेक सगळे पंजाबी." शेवटाकडं अमेरिकन इंडियन म्हणजे मूळचे लोक, आकडा किरकोळ. इथं मैदू आणि निसेनान लोक राहायचे. १८३३ साली तापाची साथ आली त्यात या खोऱ्यातली गावंच्या गावं संपली, आणि उरलेल्यांना ज्या जॉन सटरच्या नावानं ही काउंटी आहे त्यानं आपल्या शेतावर राबवून घेतलं. टेबलात ते एका ओळीत येऊन जातं.

पाटी यूबा सिटीच्या पश्चिमेला कोलुसा हायवेवर आहे, आम्ही एकदा पुढं निघून गेलो, मग यू-टर्न मारून परत. पाटीवरची हकीकत अशी की विल्यम थॉमसन हा इंग्रज १८६३ साली इथं येऊन राहिला, १८७२ मध्ये त्यानं न्यूयॉर्कहून द्राक्षाच्या तीन काड्या मागवल्या, नाव 'लेडी डी कव्हर्ली', त्यातली एकच जगली. त्या एका काडीची द्राक्षं १८७५ मध्ये शेजारच्या मेरिसव्हिलला प्रदर्शनात मांडली आणि लोक त्याला थॉमसनचं बिनबियांचं द्राक्ष म्हणायला लागले. मुळात हे द्राक्ष इराण-तुर्कस्तानाकडचं, तिकडं त्याला सुलताना म्हणतात, किशमिश म्हणतात. म्हणजे बिचारं निघालं तिकडनं, वाटेत इंग्रज बाईचं नाव लागलं, इथं आल्यावर इंग्रज बाप्याचं आडनाव लागलं, आणि आमच्या तासगावच्या शेतकऱ्यानं त्यातनंच निवड करून त्याचा 'तास-ए-गणेश' केला. मी पाटीशेजारी उभा राहून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, तर काकांचा लगेच मेसेज, बाग दाखव. पण बाग कुठाय! आजूबाजूला आम्हाला दिसली ती सगळी आक्रोड, आलुबुखार आणि पीचची झाडं. थॉमसनच्या गावात द्राक्षाचा एक मांडव दिसला नाही.

तिथनं टिएरा ब्युएना रस्त्यावरच्या गुरुद्वाऱ्यात गेलो. रविवार होता, पार्किंगला जागा नाही. नाव बघा, टिएरा ब्युएना म्हणजे स्पॅनिशमध्ये चांगली जमीन, आणि त्यावर १९६९-७० चा गुरुद्वारा. लंगरला बसलो, दाल, रोटी, खीर, आणि शेजारी साधारण पंच्याहत्तरीचे एक बाबाजी. कुठून आलात म्हणाले, महाराष्ट्र म्हणलं, तर त्यांचा चेहराच खुलला, "नांदेड! हजूर साहिब!" आणि मग त्यांनी तीनदा जाऊन आल्याचं सांगितलं, कुठल्या धर्मशाळेत उतरले, गोदावरीला पाणी किती होतं, सगळं. मी नांदेडला उभ्या आयुष्यात गेलेलो नाही. अमेरिकेत येऊन ही लाज निघायची होती.

बाबाजी होशियारपूरकडचे, १९६९ साली काकाच्या मागं आले. त्यांना ताईनं जनगणनेचं विचारलं (ती कुणालाही विचारू शकते) तर ते हसून हसून लाल झाले. म्हणाले, आल्यावर पुढच्याच वर्षी, १९७० ला, मोजणी झाली तेव्हा सरकारच्या हिशोबात हिंदुस्थानी माणूस गोऱ्यांत धरायचे. १९८० ला 'एशियन इंडियन' असा वेगळा चौकोन आला. "दस साल गोरा रहा मैं, किसी ने बताया ही नहीं!" पंगतीतली सगळी हसली, जोक त्यांचा जुना दिसतोय.

पण त्यांच्या आधी आलेल्यांचं हसण्यासारखं नाही. १९०० नंतर पंजाबातल्या दोआबातनं आलेली ही सगळी शेतकऱ्यांची पोरं, आधी रेल्वेच्या रुळावर, लाकडाच्या गिरणीत राबली, मग खाली या खोऱ्यात उतरली, नदी, गाळाची जमीन, लांबलांब सपाटी, गावाकडल्यासारखंच वाटलं असणार. १९१३ च्या कायद्यानं कॅलिफोर्नियात ज्याला नागरिक होता येत नाही त्याला जमीन घेता येईना. १९१७ ला हिंदुस्थानातनं नवीन माणूस येणंच बंद, म्हणजे बायकापोरांना आणायची वाट पण बंद. आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंड नावाच्या तिथल्याच एका शीख माणसाच्या केसमध्ये सांगून टाकलं की तुम्ही गोरे नाही, सबब नागरिक नाही. मग जमीन कुणा ओळखीच्या गोऱ्याच्या नावावर नाहीतर इथं जन्मलेल्या पोरांच्या नावावर. पण पोरं होणार कशी? गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्यानं बंदी, ती १९४८ पर्यंत होती. मग शेतात शेजारच्या सरीत कापूस वेचणाऱ्या, फळं तोडणाऱ्या मेक्सिकन बायका. अशी शेकडो लग्नं झाली, जास्ती दक्षिणेत इंपीरियल व्हॅलीत, काही इकडं. यूबा सिटीत 'एल रँचेरो' नावाचं हॉटेल होतं, आता बंद झालं, तिथं केसादिया हा मेक्सिकन पदार्थ रोटीत चीज घालून मिळायचा. मला अजून हळहळ वाटतेय.

परतताना रस्त्याकडेला पीचचा स्टॉल दिसला म्हणून थांबलो. मागच्या बागेत शिडीवर चढून तोडणी चाललेली, तोडणारी माणसं मेक्सिकन. सावलीत खुर्ची टाकून एक आजी बसलेली, ऐंशीच्या पुढची, कामावरच्या पोराशी स्पॅनिशमध्ये खेकसत होती आणि आमच्याशी मस्त कॅलिफोर्नियाचं इंग्लिश. आम्हाला बघून म्हणाली, "हिंदू?" मी जरा दचकलो, असं तोंडावर कोण विचारतं. हो म्हणलं. तर म्हणाली, "माझे वडील पण हिंदू. त्या गुरुद्वाऱ्यातल्या लोकांपैकीच."

मग दाजींनी सांगितलं की जुनी माणसं इथं हिंदुस्थानातल्या सगळ्यांनाच हिंदू म्हणायची, शीख काय मुसलमान काय. आणि ही नुसती बोलायची पद्धत नव्हती, १९२०, ३० आणि ४० च्या जनगणनेत 'हिंदू' हा चक्क वंश होता, गोरा, काळा, चिनी, जपानी तसा हिंदू. १९३० ला तर 'मेक्सिकन' हा पण वंश होता, तेवढ्या एकाच मोजणीपुरता, पुढच्या मोजणीला ते परत गोऱ्यात. आणि सूचना अशी की दोन्ही बाजू गोऱ्या नसतील तर पोरांना बापाचा वंश लावायचा.

आजी म्हणाली तिच्या घरी तसंच झालं. ती शेंडेफळ, पण थोरल्या भावाची नोंद त्या १९३० च्या कागदात आहे. बाप हिंदू, आई मेक्सिकन, भाऊ हिंदू. हा हिंदू भाऊ रविवारी आईबरोबर चर्चला जायचा, घरात स्पॅनिश बोलायचा आणि आडनाव सिंग. आईबापाच्या लग्नाच्या लायसनवर क्लार्कनं दोघांच्याही रंगापुढं 'ब्राऊन' लिहिलं आणि वाद मिटवला, मला तो क्लार्क आवडला. बापाकडनं तिला पंजाबी किती आलं तर रोटी, दाल, पाणी आणि "चुप कर". हे शेवटचं तिनं बापाच्याच आवाजात म्हणून दाखवलं. १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा झाल्यावर नवीन पंजाबी कुटुंबं आली, बायकांसकट, तेव्हा त्यांना ही सिंग आडनावाची कॅथलिक माणसं आपली वाटेनात. "आधी गोऱ्यांनी विचारलं तुम्ही कोण, मग पंजाब्यांनी." एवढंच म्हणून तिनं खोक्यातलं एक दबलेलं पीच उचलून बाजूला टाकलं.

ताईला राहवेना, २०२० ला काय भरलं? आजी म्हणाली, पहिला प्रश्न हिस्पॅनिक आहात का, हो. दुसरा प्रश्न वंश, त्यात एशियन इंडियन. म्हणजे हिस्पॅनिक वेगळं मोजायच्या टेबलात ती पंजाब्यांच्या सहाव्या हिश्श्यात नाहीच, हिस्पॅनिकांच्या तिसऱ्यात आहे. २०२४ मध्ये ठरलं की हे दोन प्रश्न एकत्र करायचे, म्हणजे पुढच्या मोजणीला परत नवीन हिशोब. त्यावर ती म्हणाली तोपर्यंत मी असले तर बघू, पीच किती देऊ.

दोन किलोच्या आसपास घेतली. वजन झाल्यावर तिनं वरून चार पीच आणखी टाकली पिशवीत, आपल्याकडं भाजीवाली मूठभर कोथिंबीर टाकते तसं, आणि म्हणाली, "पिलोन." ताईनं लगेच विचारलं, हे पंजाबी का स्पॅनिश?

"फुकट," आजी म्हणाली.