तुम्ही विचारलंत म्हणून: मेडिकल की इंजिनिअरिंग?

दहावीचा निकाल लागला की खानापूर, निपाणीकडून फोन सुरू होतात. "सर, पोरगी हुशार आहे. मेडिकलला घालू की इंजिनिअरिंगला?" मी बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवतो, म्हणून विचारतात.

आत्ता पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी घ्या, हे माझं पहिलं उत्तर. मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही असलं की दोन्ही वाटा खुल्या राहतात. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांच्या अंगावर इंग्रजी एकदम येतं. त्या धांदलीत त्यांना करिअर ठरवायला लावू नका.

परीक्षेचा हिशोब मात्र समजून घ्या. कर्नाटकात इंजिनिअरिंगचा रँक लावताना निम्मं वजन सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेला असतं, निम्मं पीयूसीच्या गुणांना. मेडिकलचा रँक फक्त 'नीट' या देशभरच्या प्रवेश परीक्षेवर. तिथे ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे, शिवाय चुकीच्या उत्तराला गुण वजा. बायोलॉजीचं पुस्तक उघडलं की जांभया देणाऱ्या मुलाला त्यात ढकलणं मला पटत नाही.

पण गुणांवरून स्वभाव कळत नाही. म्हणून मी मुलांना दोन ठिकाणी जाऊन यायला सांगतो. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, उभं राहायचं. कास्टिंग वाया गेलं की ते फोडतात, आतली पोकळी बघतात, साच्याची वाळू ओली होती की लोखंड थंड पडलं यावर वाद घालतात आणि पुन्हा ओततात. मग आजीला घेऊन सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत जायचं. तिथे म्हातारी आधी सुनेचं सांगते, मग उसाचं, आणि उठता उठता छातीत दुखतं म्हणते. डॉक्टरांना ते सगळं ऐकून घ्यावं लागतं, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, आणि माणूस काही फोडून बघता येत नाही. घरी आल्यावर पोर कशाबद्दल बोलतं, ते ऐका.

घरची परिस्थितीही मोकळेपणानं बोला. बीई ४ वर्षांत होतं. एमबीबीएसला साडेचार वर्षं, वर भर १ वर्ष इंटर्नशिप, एमडी करायचं तर आणखी ३. तोवर घर कोण चालवणार, हे पोराला कळलं तर बिघडत नाही.

नीटसाठी एक वर्ष रिपीट मागितलं तर जरूर द्या. दुसरं मागितलं, तर आधी माझ्याकडे पाठवा. आम्ही पेपर समोर ठेवून बोलू.