सिंहगडच्या डब्यात पासवाले बसवताना

मॉडेल रेल्वेचा रिकामा डबा कपाटात छान दिसतो. तोच रुळांवर धावायला लागला की अलीकडच्या खिडकीतून पलीकडची भिंत आरपार दिसते आणि गाडी यार्डात धुवायला निघाल्यासारखी वाटते. माझ्याकडे जुन्या निळ्या रंगातले आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या घडणीचे) डबे आहेत, एचओ स्केलचे, म्हणजे खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. तो रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची गाडी, मी सिंहगड एक्स्प्रेस म्हणून चालवतो. आता पुणे-मुंबई सिंहगडचा सेकंड क्लास आणि तो रिकामा, हे कुठल्याही पासवाल्याला दाखवा; आज बंद आहे का, असंच विचारेल.

तेव्हा डबे भरायचे ठरलं. अडचण होती ती पैशांची. सेकंड सिटिंगच्या डब्यात १०८ जागा. प्रायझरसारख्या जर्मन कंपनीची रंगवलेली, बसलेली माणसं फार सुंदर असतात, अगदी कोटाची बटणंसुद्धा दिसतात. पण डोक्यामागे अडीच-तीन युरो पडतात, शिवाय टपालखर्च आणि कस्टम. एक डबा भरायचा म्हणजे पावणेतीनशे युरोच्या वर गेलो. तेवढ्यात आणखी काही डबे येतील. आणि इतके पैसे ओतून बसवायची कुठे, तर सळ्यांच्या खिडकीआड, जिथे त्यांची बटणं कुणालाच दिसणार नाहीत.

स्वस्तातले पर्याय दोन. ऑनलाइन मिळणारी शंभर माणसांची चिनी पाकिटं, बरी-वाईट रंगवलेली किंवा बिनरंगाची. आणि आर्किटेक्चरच्या मुलांना मॉडेलचं सामान विकणारी स्टेशनरीची दुकानं. तिथे १:१०० आणि १:२०० ची पांढरी माणसं छोट्या पाकिटांत लटकवलेली असतात. गाडी-रुळांशी त्या दुकानदाराचा काही संबंध नसतो. त्याला 'बसलेली आहेत का' असं विचारलं की तो आधी आपल्याकडे नीट बघतो आणि मग खालचा खण उघडतो.

पाकिटावर छापलेल्या स्केलवर मात्र विसंबू नये. स्टीलची पट्टी खिशात ठेवावी. पाच फूट सहा इंचाचा माणूस एचओमध्ये १९ मिलिमीटरचा होतो. बसलेला असेल तर बाकापासून डोक्यापर्यंत साधारण १० मिलिमीटर. चिनी पाकिटात '१:८७' लिहूनही सतरापासून बावीसपर्यंत सगळे निघतात. बावीसवाला म्हणजे सव्वासहा फुटांच्या वरचा गडी, तो बाजूला काढायचा. उलट १:१०० चा माणूस आपल्या डब्यात पावणेपाच-पाच फुटांचा वाटतो, पण बसल्यावर ते कुणाच्या लक्षात येत नाही. डोकं खिडकीत थोडं खाली दिसतं, इतकंच. त्याच्याखाली पुठ्ठ्याचा कपटा सरकवला की झालं. माझ्या डब्यांतले बरेच पासवाले असे पुठ्ठ्यावर बसलेले आहेत. ज्यांच्याकडे हॉर्नबीचे ओओ स्केलचे डबे आहेत, त्यांचं तर आणखी सोपं. ते १:७६ चे असतात, त्यामुळे त्यांत १:८७ ची माणसं ऐसपैस बसतात.

डबा उघडायचं काम चार जुन्या व्हिजिटिंग कार्डांचं आहे. बहुतेक डब्यांची बॉडी खालच्या फरशीला बाजूंच्या खटक्यांनी अडकलेली असते. प्रत्येक खटक्याजवळ बॉडी आणि फरशीच्या मधे एकेक कार्ड सरकवायचं आणि सगळी बसली की फरशी सरळ खाली ओढायची. स्क्रू-ड्रायव्हर लावला तर निळ्या रंगावर ओरखडा हमखास. आत बाकांची एकसंध प्लास्टिकची पट्टी असते आणि तिच्याखाली वजनाचा पत्रा. या पत्र्यामुळे आतली फरशी हवी त्यापेक्षा वर येते, आणि बाक आणि फरशीमधलं अंतर निम्मंच उरतं. त्यामुळे कितीही महागाचा माणूस आणला तरी त्याचे पाय मावत नाहीत.

म्हणून पाय कापायचे. ऐकायला क्रूर वाटतं, पण सगळा स्वस्ताईचा मंत्र इथेच आहे. खिडकीतून दिसतं ते छातीच्या वरचं. बसलेल्या माणसाचे गुडघ्याखालचे पाय निपरने, म्हणजे कापायच्या छोट्या पकडीने, कापायचे आणि बूड पॉलिश पेपरवर दोनदा घासून सपाट करायचं. उभ्या माणसाला थेट कमरेत कापून बाकावर बसवायचं. धड तेवढं पुरतं. यामुळे पाकिटातली सगळीच माणसं कामाची ठरतात, आणि ते बरंच आहे, कारण या पाकिटांत उभे जास्त आणि बसलेले कमी असतात. कापताना निपरवर दुसऱ्या हाताचा पंजा धरावा. तुकडा उडाला तर तो खोलीत कुठेही सापडतो, फक्त शोधताना सापडत नाही.

धडं पहिल्यांदा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात धुऊन घेतली. साच्यातून सुटायला लावलेलं तेल अंगावर राहिलं की रंग धरत नाही. मग आइस्क्रीमच्या काड्यांवर डबल साइड टेप लावून त्यावर ओळीने उभी केली आणि राखाडी प्रायमरचा हलका फवारा मारला. पहिली काडी तयार झाली आणि आई चष्मा लावून जवळ आली.

"अरे, या सगळ्या मडमा कुठे निघाल्यात? पुण्याला?"

"आई, अजून रंगवायच्यात."

"रंगवून काय होणार? एकीलाही पदर नाही. आणि बाप्ये बघ, सगळे हॅट घालून बसलेत."

खरंच होतं. ही माणसं सगळी युरोपातली. ओव्हरकोट, हॅट, बॉबकट, मांडीवर पर्स. चिनी पाकिटांतली माणसंही त्याच धर्तीची. नुसती कातडी सावळी करून भागणार नव्हतं. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला हाच भाग रंगतदार आहे आणि यावर सगळ्यात कमी खर्च होतो.

हॅटची कड ब्लेडने तासली की डोकं मोकळं होतं. गांधी टोपी एम-सीलची केली. मोहरीच्या पाव दाण्याएवढी गोळी डोक्यावर दाबायची, ओल्या टूथपिकने दोन्ही बाजूंनी चेपायची, की मधे उभी धार येते. पदरासाठी टिश्यू पेपरचा एकच थर सोलून काढला, त्याची दोन मिलिमीटर रुंद पट्टी कापली आणि पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून खांद्यावरून मागे सोडली. वाळली की चुण्या आपोआप कडक होतात. काहींचा डोक्यावरून घेतला, त्यामुळे बॉबकटही झाकला गेला. एम-सीलचा शेंगदाण्यासारखा मणी मानेमागे बसवला की अंबाडा. पुरुषांच्या कोटांचं फारसं काही करावं लागत नाही. पांढुरका रंग दिला की तो बुशशर्टच वाटतो.

रंग मी शाळेच्या मुलांचेच वापरले, साधे ॲक्रिलिक. कातडीसाठी बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि पांढरा. प्रत्येक काडीला मिश्रण थोडं बदलायचं, म्हणजे सगळे सख्खे भाऊ दिसत नाहीत. शुद्ध पांढरा कपड्याला देऊ नये, दिव्याखाली तो टोचतो. त्यात ऑकरचा थेंब हवा. काळ्या केसांत किंचित तपकिरी. साड्यांना मात्र हात सैल सोडला: हिरवा, जांभळा, वांगी, मोरपंशी. सळ्यांमागून गाडी धावताना डोळ्याला पोचतो तो हाच रंगाचा ठिपका. डोळे, भुवया, ओठ काढायच्या फंदात पडू नये. एवढ्या आकारात डोळा काढला की माणूस भूत पाहिल्यासारखा बघत राहतो. त्यापेक्षा बर्न्ट अंबर भरपूर पाण्यात कालवून, त्यात साबणाचा थेंब टाकून अंगावरून फिरवावा. तो डोळ्यांच्या खोबणीत, हनुवटीखाली, शर्टाच्या चुण्यांत जाऊन बसतो आणि चेहरा आपोआप उमटतो.

या पाकिटांत साचे मोजकेच असतात. हात मांडीवर ठेवून समोर बघणारा तोच माणूस दर पाकिटात डझनभर निघतो. रंग बदलला तरी ठेवण ओळखू येते. त्यावर उपाय मानेचा. ब्लेडने डोकं उडवायचं आणि थोडं वळवून परत चिकटवायचं. खिडकीकडे वळवलं की घाट बघणारा, खाली झुकवलं की मोबाइलवाला, खांद्यावर कलंडवलं की झोपलेला. सकाळच्या सिंहगडला झोपलेले भरपूर लागतात. चौघांना समोरासमोर बसवून मधे एक राखाडी कपटा टाकला. तो पत्ते खेळायचा रुमाल. एकाच्या हातात पेपर दिला. पेपर म्हणजे पाच मिलिमीटरचा कागद, त्यावर पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा, मधोमध घडी.

बसवायच्या वेळी गोंदाचा विचार करावा लागतो. झटपट चिकटणारा सुपरग्लू मोह पाडतो, पण त्याची वाफ बंद डब्यात कोंडली की खिडक्यांच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धूर जमतो आणि तो पुसून जात नाही. एका फालतू काचेच्या तुकड्यावर, डबीत झाकून, करून बघा. दुसऱ्या दिवशी तुकडा धुरकटलेला असतो. मी पांढरा फेविकॉलच वापरतो. वाळायला रात्र घेतो, पण वाळल्यावर दिसत नाही, आणि पुढेमागे माणूस हलवायचा झाला तर पाण्याच्या थेंबाने सुटतो. पकड हलकी असते, पण त्यांना कोण ओढायला येतंय?

किती माणसं लागतील, हा हिशोब मांडला तेव्हा खर्च आणखी उतरला. माझे रूळ म्हणजे भिंतीला लागून ठेवलेला लांबट गोल. गोलावर गाडी उलट-सुलट कशीही चालवा, डब्याची बाहेरची बाजू नेहमी बाहेरच राहते. पुढच्या सरळ पट्ट्यात ती माझ्यासमोर येते, मागच्या पट्ट्यात भिंतीकडे जाते, आणि आतली बाजू दिसते ती लांबून. मग बाहेरच्या खिडक्यांना दाट माणसं बसवली, त्यांच्या शेजारी अधूनमधून एखादं, आणि आतल्या बाजूला नुसती खिडकीतली डोकी. मधली जागा रिकामी असूनही डबा खच्चून भरलेला वाटतो. १०८ च्या जागी निम्म्याहून कमी माणसांत भागलं.

वजनाची काळजी करू नये. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सत्त्याऐंशी पटींनी घटल्यावर वजन साडेसहा लाख पटींहून जास्त घटतं. ६५ किलोचा माणूस जेमतेम दहावा भाग ग्रॅमचा उरतो, आणि आपण तर निम्मेच कापून बसवतो. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस एक औंस अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस अशी आहे. साडेनऊ-पावणेदहा इंची डब्याला ते १६० ग्रॅमच्या घरात जातं. अख्खा डबा भरला तरी त्यात पाच-सात ग्रॅमची भर. धातूची ओतीव माणसं मिळतात ती मात्र टाळावीत. ती जड असतात आणि वजन रुळांपासून उंच राहतं, वळणावर डबा डुलतो.

दारातला माणूस हा वेगळाच विषय. आपल्याकडच्या डब्याच्या दारात कुणीतरी उभं नसेल तर तो डबा आपला वाटत नाही. यासाठी अख्खी माणसं लागतात, पायांसकट, आणि ती १:८७ चीच हवीत. १:१०० चा माणूस दारात शाळकरी पोर दिसतो. दार डब्याच्या टोकाला असतं आणि वळणावर लांब डब्याची टोकं रुळाच्या बाहेर झुकतात. माझी वळणं अठरा इंच त्रिज्येची, त्यात डबा लांब, म्हणजे टोक बरंच बाहेर येतं. दारातल्याचं कोपर बाहेर काढायचं असेल तर चिकटवण्याआधी गाडी हाताने सगळा गोल हळूहळू ढकलून बघावी. प्लॅटफॉर्मची कड, बोगद्याचं तोंड, शेजारच्या रुळावरची गाडी, तिन्ही ठिकाणी फट राहते का ते तपासावं. माझ्या एका पठ्ठ्याचं कोपर बोगद्याला घासत होतं, त्याला अर्ध्या पावलाने आत घेतला.

डबा बंद करताना डोकी खिडकीच्या काचेला लागत नाहीत ना, एवढं बघायचं. एक जरी उंच डोकं लागलं तरी खटके बसत नाहीत. आतून दिवे लावायचे असतील तर पिवळसर एलईडी घ्यावेत. निळसर उजेडात सगळ्यांची कातडी आजारी दिसते. आणि दिवे असतील तर कापलेली बुडं आणि पुठ्ठ्याचे कपटेही बाकाच्याच रंगाने रंगवून टाकावेत.

पाकिटं, रंग, एम-सील, फेविकॉल आणि ब्लेडं धरून दोन डबे दीड हजारांच्या आत बसले. फार मोठा अर्थ असं काही यात नाही, पण आईने पत्ते खेळणाऱ्या चौघांत अजून एक उभा राहून डाव सांगणारा हवा, अशी सूचना केली आहे, आणि ती बरोबर आहे. कापलेल्या पायांची एक डबी भरली आहे. ती टाकलेली नाही. पुढचा डबा जनरलचा करायचाय, आणि जनरलमध्ये सामानाच्या फळीवर बसलेल्यांचे खिडकीतून दिसतात ते पायच.